आधी पेशंट, मग केसपेपर: एका खंडातली बायबल कॉमेंट्री कशी निवडायची आणि कशी वापरायची

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे वचन मी एकदा आमच्या बुधवारच्या बायकांच्या सभेत फार रंगवून सांगितलं. यरुशलेमेला म्हणे 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता. रात्री मोठी वेस बंद झाली की त्यातूनच आत यावं लागे, आणि उंटाला पाठीवरचं ओझं उतरवून, गुडघे टेकून सरकावं लागे. तसंच श्रीमंतानेही ओझं उतरवावं, गुडघे टेकावेत. सगळ्यांना आवडलं. अक्कांनी तर डोळे पुसले. बी.एस्सी.ला असलेली एक पोरगी तेवढी म्हणाली, "मावशी, हा दरवाजा कुठल्या पुस्तकात आहे?"

मी तो कुठल्याशा संदेशात ऐकला होता, पुस्तकात नव्हे. घरी येऊन कॉमेंट्री, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, काढली. चार-पाच ओळींत निकाल लागला. पहिल्या शतकात असा दरवाजा होता याला काही पुरावा नाही. अशक्य गोष्ट सांगायची ती एक तऱ्हा होती. यहुद्यांच्या बाबेली तालमुद या जुन्या धर्मग्रंथात सुईच्या नाकातून जाणारा हत्ती आहे. काही उशिराच्या हस्तलिखितांत ग्रीक शब्दातलं एकच अक्षर बदलून उंटाचा दोर झालाय, तो अवघड वचन सोपं करायचा जुना प्रयत्न. आणि पुढचं वचन बघा, म्हणे. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचं होणार? गुडघे टेकून काम भागत असतं तर ते थक्क कशाला झाले असते?

पुढच्या बुधवारी उभं राहून सांगितलं की मागचं माझं चुकलं होतं.

खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. ते जाडजूड पुस्तक सहा वर्षं माझ्या घरात होतं, आणि त्याचा उपयोग मी इस्त्रीच्या साड्यांवर वजन ठेवायला करत होते. इतकं जड पुस्तक उघडून करायचं काय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहितेय. मी सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, शिकलेली नाही. मिरजेला नर्सिंग केलं आणि सोलापुरात एकतीस वर्षं वॉर्डात काढली. जे सांगेन ते त्याच अंगाने सांगेन.

शब्दापासून सुरुवात करते. शेजारच्या काकूंना मी सहज म्हटलं, "बायबलवरची टीका वाचतेय," तर त्या दचकल्या. "अगं, तूच टीका करणार?" आपल्या भाषेत टीका म्हणजे उलगडून सांगणं, हा जुना अर्थ. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. नंतर टीका म्हणजे नावं ठेवणं झालं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही सगळे सरळ कॉमेंट्री म्हणतो, कोणी भाष्य म्हणतं. मीही कॉमेंट्रीच म्हणते, गैरसमज नको.

आता अपेक्षा किती ठेवायची, त्याचा हिशेब. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत आणि ३१ हजारांवर वचनं. कॉमेंट्री दीड हजार पानांची धरली तर अध्यायाला सव्वा पान येतं. त्यातून प्रस्तावना, नकाशे, लेख वजा करा. म्हणजे प्रत्येक वचनावर काहीतरी मिळेल ही आशा सोडा. एकट्या रूथ या छोट्या पुस्तकावर तीनशे पानांचे ग्रंथ आहेत. इथे तुम्हाला सात-आठ पानं मिळतील. ड्यूटीवरच्या खोलीत औषधांचं एक हँडबुक असायचं. कोणी ते पहिल्या पानापासून वाचत नसे, आणि ते वाचून कोणी डॉक्टरही होत नसे. पण डोस देताना हात थबकला की ते उघडलं जायचं. एका खंडातल्या कॉमेंट्रीचं काम तेवढंच, पण हात थबकायला मात्र हवा.

निवडताना पहिला प्रश्न: तुमचं बायबल किती पुस्तकांचं? आमचं ६६ पुस्तकांचं. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात ते ७३ पुस्तकांचं असतं; तोबीत, यहूदीथ, मक्काबी वगैरे सात पुस्तकं जास्त. ती तुम्ही वाचत असाल तर ज्या कॉमेंट्रीत ती नाहीतच ती घेऊन उपयोग काय? कॅथलिक अभ्यासकांची 'जेरोम' १९६८ ची, तिची नवी आवृत्ती १९९० ची, आणि २०२२ मध्ये एकविसाव्या शतकासाठी म्हणून पुन्हा नव्याने लिहिलेली. 'ऑक्सफर्ड' २००१ ची, तिच्यातही ही जास्तीची पुस्तकं घेतली आहेत. पण ती विद्यापीठी वळणाची आहे. भक्तीचा ओलावा शोधायला जाल तर कोरडी लागेल, आणि त्यात तिचा दोष नाही.

दुसरं, आतलं पान उलटून साल बघा. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो तसं. जुनं म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाही. माझ्याकडे मॅथ्यू हेन्रीचा एका खंडात आटवलेला ग्रंथ आहे. हा माणूस १७१४ मध्ये गेला. मुळात सहा खंड. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकापर्यंत त्याचा हात पोहोचला, पुढचं इतर पाळकांनी पुरं केलं. प्रार्थनेआधी वाचायला आजही त्याच्यासारखा नाही. पण त्याला मृत समुद्राजवळच्या जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या ठाऊक असणार कशा? त्या १९४७ मध्ये सापडायला लागल्या. 'पीक'ची कॉमेंट्री १९१९ ची वेगळी आणि १९६२ ची वेगळी, नाव तेच. 'न्यू बायबल कॉमेंट्री' १९५३ ची, मग १९७० ला सुधारलेली, मग १९९४ ला पुन्हा बदललेली. मी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ती घेतली तेव्हा कव्हर नवंकोरं दिसत होतं. घरी येऊन पाहिलं तर १९७० ची. फसवलं कोणी नाही, मीच आतलं पान उलटलं नव्हतं.

सालाने फरक कसा पडतो, ते लावदिकीया या जुन्या शहरावरून कळतं. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात त्या मंडळीला म्हटलंय की तू थंड नाहीस, ऊन नाहीस, कोमट आहेस. लहानपणी आम्हाला शिकवलं की ऊन म्हणजे विश्वासात तापलेला आणि थंड म्हणजे देवाला पाठ फिरवलेला. मग मला कोडं पडायचं, प्रभूला थंड माणूस चालतो कसा? अलीकडचे पुष्कळ अभ्यासक तिथल्या पाण्याकडे बोट दाखवतात. शेजारच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, आपल्या वज्रेश्वरीसारखे, लोक दुखऱ्या अंगाने तिथे जात. दुसऱ्या बाजूला कलस्सैचं थंडगार पाणी. लावदिकीयाचं पाणी नळातून लांबून यायचं. चुन्याची पुटं चढलेले ते नळ खणून काढलेत. म्हणजे ऊनही कामाचं आणि थंडही कामाचं, कोमट तेवढं तोंडातून टाकायचं. सगळ्यांना हे पटलेलं आहे असं नाही. पण तुमच्या कॉमेंट्रीत या पाण्याचा उल्लेखच नसेल तर तिचं साल नक्की बघा.

तिसरं, लिहिणारे कोण आणि कुठले? २००६ मध्ये आफ्रिकेतल्या सत्तर अभ्यासकांनी मिळून एका खंडात 'आफ्रिका बायबल कॉमेंट्री' केली. ती पाहून मला वाटायचं की आपल्याकडे असं कधी? २०१५ मध्ये 'साउथ एशिया बायबल कॉमेंट्री' आली, दक्षिण आशियातल्याच लेखकांची. आता माझ्या टेबलावर पहिला मान तिचा. इंग्लंडात बसून लिहिणाऱ्याला सासू-सून, विधवापण, दुसऱ्याच्या ताटात जेवावं की नाही, मूर्तीपुढचा नैवेद्य खावा की नाही, हे सगळं समजावून सांगावं लागतं. आपल्याला ते रोजचं आहे. बायकांच्या सभेसाठी आणखी एक बघून ठेवा: १९९२ ची 'विमेन्स बायबल कॉमेंट्री', सगळ्या लेखिकांची. तिच्यातलं सगळं मला पटत नाही. तरी जे प्रश्न मी वर्षानुवर्षं गिळले ते तिथे छापलेले पाहून बरं वाटलं.

पाठीमागच्या मजकुरावर आणि पाळकसाहेबांच्या शिफारशीवर मी पुस्तक घेत नाही. पाळकसाहेबांनी राग मानू नये. दुकानात उभ्या उभ्या तीन ठिकाणं उघडते.

उंटाचं तर सांगितलंच. दरवाजाची गोष्ट पुराव्याशिवाय खरी म्हणून सांगणारं पुस्तक मी परत ठेवते.

दुसरं शास्ते ११. इफ्ताहाने नवस केला की घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, आणि डफ वाजवत सामोरी आली एकुलती एक मुलगी. बापाने नवस फेडला म्हणजे काय केलं? काही जुन्या टीकाकारांनी म्हटलंय की ती आयुष्यभर अविवाहित राहिली. बरेच जण म्हणतात, शब्दांचा सरळ अर्थ घ्या, ते भयंकरच आहे आणि शास्ते हे पुस्तक तेच भयंकरपण दाखवतंय. कॉमेंट्रीने कुठली बाजू घेतली यापेक्षा मी हे बघते की तिने दोन्ही बाजू मांडल्या का, आणि आपली बाजू का घेतली ते सांगितलं का. सर्वांत वाईट ती, जी अशा ठिकाणी साडीचा काठ उचलून पाण्यातून निघून जाते आणि 'यावरून नवसाचं गांभीर्य कळतं' एवढंच म्हणते.

तिसरं, १ करिंथ १४:३४, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. चाळीस वर्षं मी हे वचन ऐकतेय, बहुतेक वेळा चहाची भांडी विसळताना. चांगली कॉमेंट्री इथे तुम्हाला तीन अध्याय मागे नेते. ११:५ मध्ये हे पत्र लिहिणारा तोच पौल स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं म्हणतो, म्हणजे त्या बोलत होत्याच. शिवाय काही हस्तलिखितांत ही दोन वचनं चाळिसाव्या वचनानंतर येतात, हेही सांगते. मग जो काही निर्णय द्यायचा तो देते. ११:५ चं नावसुद्धा न घेणारी कॉमेंट्री कितीही भक्तिमान असो, माझ्या पैशाची नाही.

या तीन ठिकाणांवरून पुस्तकाचं वळणही कळतं. आणखी खात्री हवी तर यशया आणि दानीएल यांच्या प्रस्तावना चाळा. यशयाचा ग्रंथ एकाच हातचा की चाळिसाव्या अध्यायापासून दुसऱ्याचा, दानीएल बाबेलच्या काळातला की मक्काब्यांच्या काळातला, इथे अभ्यासकांचे दोन तट आहेत. आपली कॉमेंट्री कुठल्या तटावरून बोलतेय हे आधीच ठाऊक असलं की मधेच विश्वासाला धक्का बसला म्हणून कोणी पुस्तक भिरकावत नाही. आमच्याकडे एकीने भिरकावलं होतं.

किमतीचं म्हणाल तर फोनवर जुन्या कॉमेंट्र्या फुकट मिळतात. मॅथ्यू हेन्री आहे, १८७१ ची जेमिसन, फॉसेट आणि ब्राउन यांची आहे. त्यांचा हक्क संपलाय म्हणून फुकट. सुरुवातीला तेवढ्यावर भागतं. मात्र फोनवर वचनावर बोट ठेवलं की फक्त त्या वचनाचं भाष्य उघडतं आणि मागचं-पुढचं डोळ्यांआड जातं. कागदाचं पुस्तक उघडलं की आख्खा अध्याय समोर पसरतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला बारीक टाइप नको झालाय, म्हणून पुस्तक पाटावर ठेवते आणि भिंग हातात घेते. घेताना टाइपही बघा, नंतर पस्तावाल.

आता संक्षेपांची भिंत. बायका इथेच अडखळतात आणि इंग्रजी अवघड म्हणून पुस्तक मिटतात. अडचण इंग्रजीची कमी, आखूड अक्षरांची जास्त. नव्या मुली वॉर्डात यायच्या तेव्हा बी.डी., टी.डी.एस., एस.ओ.एस. बघून त्यांचाही चेहरा असाच व्हायचा. आठवडाभरात पाठ व्हायचं. तसंच हे. सी.एफ. म्हणजे ताडून बघा. एफ.एफ. म्हणजे हे आणि पुढची वचनं. लिट. म्हणजे शब्दशः. एम.टी. म्हणजे इब्री (हिब्रू) जुन्या कराराचा मसोरा पाठ, यहुदी परंपरेने जपलेला. एल.एक्स.एक्स. म्हणजे रोमन आकड्यांत सत्तर. जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर सत्तर जणांनी केलं अशी आख्यायिका, म्हणून ते नाव. हे अगदी कामाचं आहे. यशया ७:१४ मध्ये इब्री शब्द 'अल्मा', म्हणजे तरुणी. सत्तरीच्या ग्रीकमध्ये 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, आणि मत्तयाने तोच शब्द उचलला. नाताळातल्या अर्ध्या वादांचं मूळ इथे आहे.

एक कार्डशीट घ्या आणि एका बाजूला पुस्तकांची इंग्रजी नावं, दुसरीकडे मराठी लिहा. शास्ते म्हणजे जजेस, उपदेशक म्हणजे एक्लीझिअ‍ॅस्टिस. ड्यूटरॉनॉमीला आपण 'अनुवाद' म्हणतो. आमची बी.एस्सी.वाली बिचारी अर्धा तास 'अनुवाद २३' हे कुठल्या तरी भाषांतराचं पान समजून शोधत होती. आणि कॉमेंट्री एखाद्या इंग्रजी भाषांतराला धरून लिहिलेली असते. तिने उचललेला शब्द तुमच्या पवित्र शास्त्रात दिसला नाही तर घाबरू नका, दुसरं मराठी भाषांतर जवळ ठेवा. माझ्याकडे पंडिता रमाबाईंचं आहे. केडगावला बसून इब्री आणि ग्रीकवरून त्यांनी ते केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आलं. फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबलही आहे.

वापरायचं कसं, ते रूथवरून सांगते. बेथलेहेमची नामी, तिची विधवा मवाबी सून रूथ आणि शेतमालक बवाज यांची ही गोष्ट. चारच अध्याय, चार बुधवार. कोणालाही पहिल्यांदा हेच सुचवेन.

आमच्या मेट्रनचा एक नियम होता. वॉर्डात शिरलीस की आधी पेशंटकडे बघ, मग केसपेपरकडे. आधी कागद वाचलास तर तुला तेवढंच दिसेल जे कागदावर आहे. मीही तसंच करते. कॉमेंट्री आतल्या खोलीत राहते. पहिला अध्याय दोनदा मोठ्याने वाचायचा, दोन वेगळ्या बायकांनी. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'कळलं नाही'. पहिल्या बुधवारी डावीकडे आलं: दुष्काळ, परदेश, तीन मरणं, तीन विधवा, नामी म्हणते मला मारा म्हणा. उजवीकडे: मवाबी लोकांशी काय वैर होतं? दोन्ही सुना परत गेल्या असत्या तर बरं झालं असतं का? मारा म्हणजे काय?

मग कॉमेंट्री. तीही थेट वचनावर नाही, आधी त्या पुस्तकाची प्रस्तावना. दीड-दोन पानं असतात, सगळे ती ओलांडतात, आणि खरा माल तिथेच असतो. काही इब्री हस्तलिखितांत रूथ शास्त्यांच्या मागे न येता नीतिसूत्रांच्या मागे येते हे मला तिथेच कळलं. नीतिसूत्रांचा शेवट सद्गुणी स्त्रीवर, आणि लगेच रूथ. कापणीच्या सणाला यहुदी आजही हे पुस्तक वाचतात. प्रस्तावनेनंतर रूपरेषा, आणि मग अध्यायाचं भाष्य, आमची उजवी बाजू हातात धरून. मारा म्हणजे कडू. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. भाकरीच्या घरात दुष्काळ! हे वाचल्यावर सभा गप्पच झाली. मवाबाविषयी कॉमेंट्रीने अनुवाद २३:३ कडे पाठवलं: मवाबी माणूस दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. आणि गोष्ट सांगणारा पुन्हा पुन्हा म्हणतो 'मवाबी रूथ'. दुसरा संदर्भ मत्तय १:५, येशूच्या वंशावळीत तीच रूथ. एका बैठकीत दोनच संदर्भ उघडायचे, हा माझा नियम. कंसातली बाराही वचनं शोधत बसलात तर मूळ गोष्ट हातची जाते.

पण त्या दिवशी सर्वांत जास्त शिकवलं अक्कांनी. १९७२ च्या दुष्काळात त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. आई खडी फोडायला जायची, घरात लाल मिलोची भाकरी, आणि थोरला काका गाव सोडून गेला तो परत आला नाही. अक्का म्हणाल्या, "अलीमलेख गेला त्यात पाप काय शोधता? पोरं उपाशी होती." अलीमलेख म्हणजे नामीचा नवरा. जुने टीकाकार त्याला दोष देतात, की वचनदत्त देश सोडून परक्यांत गेला. गोष्ट स्वतः त्याला दोष देत नाही. आम्ही पान उलटून पाहिलं, खरंच देत नाही. अक्कांचं म्हणणं मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

दुसऱ्या अध्यायात कॉमेंट्री काही ठिकाणी अगदीच अनावश्यक ठरली. सरवा वेचणं म्हणजे काय, हे तिने चार ओळींत समजावलं होतं; आमच्यातल्या तिघी लहानपणी सरवा वेचून वाढल्या. तिसऱ्या अध्यायातलं खळं आणि वाऱ्यावरची उफणणी, तेही तसंच. पण दोन गोष्टी तिच्यावाचून कळल्या नसत्या. एक, सरवा ही बवाजाची नुसती मेहेरबानी नव्हती. शेताच्या कडेचं आणि पडलेलं धान्य गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी सोडायचं, हा नियमशास्त्राचा हुकूम होता, लेवीय १९:९. बवाजाने वरचं जे केलं, मुद्दाम मूठमूठ टाकायला सांगितलं, ती मेहेरबानी. दुसरी, एफा. रूथने झोडून एफाभर जव घरी नेलं. कॉमेंट्री म्हणते साधारण बावीस लिटर. एका दिवसाच्या सरव्यात! तेव्हा कळलं सासू का विचारते, आज कुठे वेचलंस म्हणून.

आणि तिसरा अध्याय. २:१२ मध्ये बवाज रूथला म्हणतो, तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस. ३:९ मध्ये खळ्यावर, रात्री, रूथ त्याला म्हणते, तुमचं वस्त्र माझ्यावर पसरा. मराठीत एकीकडे पंख येतो, दुसरीकडे पांघरायचं वस्त्र. इब्रीत दोन्हीकडे एकच शब्द, 'कानाफ'. म्हणजे ती त्याला त्याचाच शब्द परत देतेय: देवाचा पंख म्हणालात ना, मग आता तुम्हीच व्हा. आपल्याकडे पाखर घालणं म्हणतो, त्यात दोन्ही आहे. एवढ्या एका ओळीसाठी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं मी धरते.

त्याच अध्यायात तिने त्याचे पाय उघडे केले, तेही आहे. इब्रीत 'पाय' हा शब्द कधी कधी आडपडद्याने वापरतात, हे कॉमेंट्री सांगते. कोणी म्हणतं इथे तसंच आहे, कोणी म्हणतं नाही, पाय म्हणजे पायच. सभेत सांगावं की नाही यावर मी रात्रभर विचार केला. सांगितलं. मी नर्स आहे आणि त्या सगळ्या लेकुरवाळ्या. कोणी बेशुद्ध पडलं नाही. उलट एक म्हणाली, म्हणूनच बवाज तिला 'भिऊ नको' म्हणतो आणि उजाडायच्या आत पाठवून देतो, तिचं नाव खराब होऊ नये म्हणून. ते मात्र कॉमेंट्रीत नव्हतं. निदान माझ्याकडच्या तिन्हींत नव्हतं.

तीन आहेत म्हणून कधी तिघींचं तीन दिशांना तोंड असतं. तेव्हा मी सभेत हरभजनसारखी वळवून चेंडू टाकत नाही. सरळ सांगते, ही असं म्हणते, ती तसं म्हणते, आणि कारणं ही. कोण बरोबर ते ठरवायला कधी कधी एका खंडातल्या पुस्तकाची ताकदच अपुरी पडते. मग पाळकसाहेबांना चिठ्ठी जाते, आणि ते पुण्याला गेले की सेमिनरीच्या लायब्ररीतून त्या एका पुस्तकावरच्या मोठ्या ग्रंथातली दोन पानं झेरॉक्स करून आणतात. रूथ ४ मधल्या पायतणाच्या रिवाजाची अशी झेरॉक्स अजून माझ्या कॉमेंट्रीत घडी करून ठेवलीय. अनुवाद २५ मध्ये दीर लग्नाला नकार देतो तेव्हा विधवा स्वतः त्याचं पायतण काढते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. रूथ ४ मध्ये मात्र रूथ हजरही नाही आणि तिच्याशी लग्नाचा हक्क सोडणारा जवळचा नातलग आपणच पायतण काढून देतो. दोन्ही एकच रिवाज की वेगळे, यावर त्या दोन पानांत चार मतं आहेत.

संदेश तयार करताना कॉमेंट्रीतलं वाक्य उचलून आपलं म्हणून सांगू नका. आमच्या बायका ओळखतात. मी मधेच पुस्तकी बोलायला लागले की अक्का चष्मा काढून पुसायला लागतात.

शेवटी पुस्तकाचं. हजाराच्या वर पानं, कागद पातळ, पुठ्ठा वर्षभरात सुटतो. घेतल्यावर लगेच बाइंडरकडे न्या, कापडी पाठ लावून घ्या. शाईचं पेन वापरू नका, मागच्या पानावर उमटतं. पेन्सिल वापरा आणि समासात तारीख घाला. कोणाला नेऊ द्यायचं तर पहिल्या पानावर नाव आणि परत करायचा बुधवार लिहून घ्या. माझं फुटपाथवरचं १९७० चं असंच एकीकडे गेलंय. ती म्हणते योना संपला की देते. योनाला चारच अध्याय आहेत, आणि तिला ते नेऊन आता अकरा बुधवार झाले.